इंजिनाशेजारची खोली

फोन दुपारी साडेतीनला आला. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्याचे मालक बोलत होते. अंबादास नेहमीसारखे दुपारी येऊन पडले होते, चहाला उठवायला गेलो तर अंग गार लागलं, झोपेतच गेले. अशा वेळी काय बोलावं याचे काही रिवाज आहेत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते पाठ असायला हवेत. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं. मी विचारलं, "झोप चांगली लागली होती का?" पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "व्हय साहेब, गाढ झोपले हुते. चेहरा बघा की येऊन." फोन ठेवल्यावर रडू यायच्या आधी मला बरं वाटलं, हे इथे कबूल करून टाकतो. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी पुढचं वाचावं आणि मग मला नावं ठेवावीत.

माझी सगळी नोकरी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे गेली. अंबादासची आणि माझी ओळख त्या खिडकीतलीच. त्याच्या भागात वीज गेली होती, मागावर अर्धा टॉवेल अडकला होता आणि हा पठ्ठ्या माझ्यासमोर उभा राहून ओरडत होता. मीही चढ्या आवाजात ऐकवलं की हे सरकारी कार्यालय आहे, मासळी बाजार नाही. तो बिचारा दचकला. नंतर कळलं की तो रागावलेलाच नव्हता, त्याचं साधं बोलणंच तसं होतं. जन्म मागाच्या खडखडाटात गेला की आवाज तिथपर्यंत चढतो आणि पुन्हा उतरत नाही. शिवाय अर्धं बोलणं हातांनी. "दोन तास" म्हणायचं तर दोन बोटं वर, "बंद" म्हणायचं तर हात आडवा. मला तो पहिल्या दिवसापासून साहेब म्हणाला. मी कारकून आहे, साहेब आत बसतात, असं पन्नासदा सांगितलं असेल. पुढे मैत्री जुळली, घरी जाणं-येणं झालं, तरी ते साहेब काही सुटलं नाही. फक्त जवळीक वाढली तसं "काय बे साहेब" झालं. सोलापुरात यापेक्षा जास्त माया दाखवायची पद्धत नाही.

त्याचं घर पूर्व भागात. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, आणि मधल्या भिंतीला टेकून त्याची लोखंडी खाट. वहिनी ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. मी जेवायला गेलो की ताटाशेजारच्या पेल्यातलं पाणी थरथरताना दिसायचं. भिंत थरथरायची, खाट थरथरायची, आणि दिवसपाळीचे कामगार मागांवर असताना अंबादास जेवून त्या खाटेवर असा झोपायचा की बघणाऱ्याला हेवा वाटावा. एकदा तो झोपलेला असताना मी वहिनींशी बोलत होतो, आणि हा एकदम उठून बसला. चारांतला एक माग अडखळत होता म्हणे. मला काहीच फरक कळला नव्हता. शेडमध्ये जाऊन काहीतरी ठोकून आला आणि पुन्हा पडून घोरायला लागला.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने माग विकले. मुलगी पद्मा पुण्यात नोकरीला, घरात दोघंच. आता आराम करा, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मीही त्यात होतो. भंगारवाला माग घेऊन गेला त्या दिवशी शेड झाडून काढली, वहिनींनी तिथं वाळवणाच्या दोऱ्या बांधल्या. आणि अंबादासची झोप गेली. गेली म्हणजे गेलीच. दोन महिन्यांत डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, हात कापायला लागले, साध्या गोष्टीवरून चिडायला लागला. एकदा रस्ता ओलांडताना भोवळ येऊन पडला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर हृदयावर येईल. गोळ्यांनी गुंगी यायची, झोप यायची नाही. वहिनी रोज सकाळी त्याला त्यांच्या घरच्या तेलुगूत विचारायच्या, "निद्र पट्टिंदा?" आणि तो म्हणायचा, "लेदु." माझं तेलुगू ज्ञान एवढंच... झोप लागली का, आणि नाही. पण ही सवाल-जवाबाची जोडी मी इतक्या वेळा ऐकली की मलाही सकाळी उठल्यावर तेच आठवायचं.

सल्ले द्यायला आपल्या गावात कुणाला आमंत्रण लागत नाही. शांत जागी न्या, असं एकूण एक जण म्हणाला. मी स्वतः त्याला कानात घालायला कापसाचे बोळे नेऊन दिले. एका हिवाळ्यात पद्मा त्याला महाबळेश्वरला घेऊन गेली, तिथं पानसुद्धा हलत नव्हतं म्हणे. चौथ्या दिवशी तो आणखी खंगून परत आला. मग पद्माने जहाजाच्या सहलीचं काढलं. मुंबईहून निघायचं, पाच रात्री समुद्रात, जेवण, राहणं, करमणूक सगळं जहाजावरच. तिच्या कार्यालयातलं कुणीतरी जाऊन आलं होतं आणि नवा माणूस होऊन आलं होतं. मी पोट धरून हसलो. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातली आपण माणसं, आपल्याला हिप्परग्याचा तलाव भरला तरी सहकुटुंब बघायला जायची हौस, आपण समुद्रात काय करणार? शिवाय पाच दिवस पाण्यावर नुसतं बसायचं याला विश्रांती म्हणतात की शिक्षा, असंही मी विचारलं. अंबादासने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की साहेब येत असतील तर जातो. मग काय... माझी कुरकुर संपायच्या आत आमच्या हिने बॅग भरून ठेवली होती.

उशिरा ठरवल्यामुळे खोल्या एकत्र मिळाल्या नाहीत. आम्हाला वरच्या मजल्यावर, सज्जा असलेली खोली मिळाली आणि त्या दोघांना पार तळाशी, बिनखिडकीची. मला अपराधी वाटलं, पण अदलाबदल करायला अंबादास ऐकेना. जहाजाचं काय सांगू, सात रस्त्यावरचं एखादं मोठं मंगल कार्यालय एकावर एक दहा वेळा रचावं आणि पाण्यात सोडून द्यावं, तसा प्रकार. वहिनींनी खोलीत शिरल्याबरोबर न्हाणीघरातला नळ सोडला, आणि पाणी येतंय म्हटल्यावर कचऱ्याची बादली घासून भरून ठेवली, बर्फाचं भांडं भरलं, दोन पेले, चार बाटल्या भरल्या. खोली आवरायला येणाऱ्या बाईने दुसऱ्या दिवशी ते सगळं ओतून दिलं, वहिनींनी पुन्हा भरलं. वहिनी त्या खोलीत होत्या तेवढे दिवस दोघींनी एकमेकींना काही न बोलता हा कार्यक्रम चालवला. समुद्रात बसून पाण्याची साठवण करणारी बाई त्या खोली आवरणारीने आधी पाहिली नसावी.

पहिल्या सकाळी आठला नाश्त्याला भेटायचं ठरलं होतं. नऊ वाजले तरी दोघांचा पत्ता नाही. माझ्या मनात डॉक्टरांचे शब्द फिरायला लागले. मी लिफ्टने तळाशी गेलो, दार वाजवलं. वहिनींनी फटीएवढं उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा हसत होता. हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, घोरायलेत." मी आत डोकावलो. खरंच, अंबादास तोंड उघडं टाकून, एक हात खाटेखाली लोंबकळत ठेवून घोरत होता. वर्षभरानंतर... वहिनी म्हणाल्या की त्या पहाटेपासून नुसतं ते ऐकत बसल्या होत्या. इथे मी शहाणा असतो तर गुपचूप वर जाऊन इडली खाल्ली असती. पण आयुष्यभर तक्रारी लिहून घेतलेला माणूस मी. मला दुसरंच ऐकू आलं. खोलीभर इंजिनाची घरघर, भिंत थरथरतेय, पेल्यावर पेला किणकिणतोय. प्रवासाच्या शिणामुळे बिचाऱ्याला एक दिवस झोप लागली, पण अशा भणभणाटात पाच दिवस कसे काढणार, असं मी ठरवून टाकलं.

तडक स्वागत कक्षात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकीच्या या बाजूला होतो आणि मला फार मजा आली. आजारी माणूस, विश्रांतीसाठी आलेला, इंजिनाच्या डोक्यावर झोपवलाय, हे शोभतं का तुम्हाला, वगैरे. तिथली मुलगी इतकी नम्र की मलाच लाज वाटावी. दुपारपर्यंत तिने त्यांना आमच्याच मजल्यावर, समुद्रासमोरची खोली दिली. पडदा सारला की निळं पाणी, गादी ढगासारखी, आणि शांतता अशी की स्वतःचा श्वास ऐकू यावा. अंबादासने खोली पाहिली, मला हात जोडले आणि मोठ्या आवाजात म्हणाला, साहेब, तुमी लई केलं. मी दिवसभर छाती फुगवून फिरलो.

दुसऱ्या सकाळी नाश्त्याला तो आठच्या ठोक्याला हजर होता. वहिनींनी विचारलेलं माझ्या कानावर आलं आणि उत्तरही. लेदु. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.  तो समुद्राकडे बघत बसायचा, पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीवर पडायचा, मसाजसुद्धा करून घेतला आणि मला खोलीची चौकशी केली की खोली फार सुंदर आहे म्हणायचा. हात मात्र पुन्हा कापायला लागले होते. चहाची बशी टेबलावर ठेवताना वाजली आणि आम्ही चौघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. माझा धीर सुटला. एवढं लांब आणलं, एवढी बडदास्त, आणि याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आता काय उरलं, हा विचार मी बोलून दाखवला नाही, पण तो ओळखून माझी बायको त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणानंतर गायब झाला. आम्ही तिघांनी सगळे मजले पालथे घातले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, खाली बघूया का. तळमजल्याच्या लांबलचक बोळात, त्यांच्या पहिल्या खोलीच्या दाराशेजारी, अंबादास जमिनीवर पाय पसरून, भिंतीला पाठ आणि डोकं टेकून बसला होता. झोपला होता. खोली आवरणारी तीच बाई तिची कापडांची गाडी अडवून शेजारी उभी होती, कुणाचा पाय लागू नये म्हणून. मी वाकून त्याच्या डोक्याशेजारी भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती. पूर्व भागातलं ते ताट, ते पाणी, ती लोखंडी खाट, सगळं एकदम माझ्या हातातून वर चढलं आणि मी किती मोठा गाढव आहे ते मला कळलं.

तो जागा झाल्यावर मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. विचारलं की पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस. त्याने बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि त्याच्या मानाने अगदी हळू, म्हणजे निम्म्या बोळाला ऐकू जाईल असं, सांगितलं, "तुमी इतक्या मनापासनं भांडून खोली घेतली साहेब. तुमाला कसं म्हणायचं, नको म्हणून?" मग म्हणाला, "घरी आवाज बंद झाला म्हंजे कायतरी बिघडलं की. वीज गेली न्हायतर माग आडला. मग झोप कशी लागंल? हितं आवाज चालू हाय. जहाज चाललंय. आन् ते चालवायची जबाबदारी माझी न्हाय." एवढं बोलून तो हसला, आणि त्याचं हसणं मी वर्षभराने पाहिलं.

मी या वाक्यावर नंतर पुष्कळ विचार केला आहे. विश्रांती म्हणजे सगळं थांबवणं, असं आपण धरून चालतो. म्हणून सुट्टीतही आपलं मन घराच्या गॅसपाशी आणि कडीपाशी घुटमळत राहतं, कारण आपण थांबलो की सगळं थांबेल अशी धास्ती असते. जहाजावर ती धास्ती उरत नाही. स्वयंपाक होत असतो, चादरी बदलल्या जात असतात, रात्री झोपलो तेव्हा एक गाव मागे आणि उठलो तर दुसरं समोर, आणि यातलं काहीही आपल्यावाचून अडलेलं नसतं. उतरून कुठे पळायची सोय नाही, फोनला धड रेंज नाही. विड्या वळून वळून वहिनींची बोटं रिकामी असली तरी मांडीवर हलत राहायची. चौथ्या दिवशी त्या खुर्चीत बसून समुद्र बघत होत्या आणि बोटं स्वस्थ होती. मीसुद्धा त्या दिवशी कशाबद्दलच तक्रार केली नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. सहलीची चेष्टा करणारा मी, आता भेटेल त्याला जा म्हणून सांगतो.

तर मी पुन्हा स्वागत कक्षात गेलो. त्याच मुलीला म्हणालो की ती खालची, इंजिनाशेजारची खोली परत हवी. तिने आधी माझ्याकडे, मग संगणकाच्या पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "सर, तिथे फार आवाज आहे," ती काळजीने म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच." उरलेले दिवस अंबादास सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी दोन ते चार इतका गाढ झोपला, की शेवटच्या दिवशी त्याला उतरवून घेताना आमचा जीव मेटाकुटीला आला. पद्मा मुंबईला घ्यायला आली होती. बापाचा चेहरा बघून ती तिथेच बंदरावर रडली.

सोलापुरात आल्यावर जहाज कुठून आणायचं, हा प्रश्न होताच. पण आता दुखणं कळलं होतं. अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्याच्या मालकांशी त्याची जुनी ओळख. मी स्वतः जाऊन त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते आधी हसले, मग त्यांनी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर, भिंतीला लागून, त्याच्यासाठी जागा करून दिली. अंबादास रोज दुपारी जेवून रिक्षाने जायचा, दोन-तीन तास झोपायचा आणि मध्येच उठून एखाद्या कामगाराला बोट दाखवून सांगायचा की तिसऱ्या ओळीतला दुसरा माग अडखळतोय. दुपारची ती झोप एकदा पोटभर मिळाली की घरी, त्या शांततेतही, त्याला चार तास लागायला लागली. हात स्थिर झाले, चेहरा भरला, बोलणं होतं त्यापेक्षाही मोठं झालं. अशी दोन वर्षं मिळाली. डॉक्टरांनी घातलेली भीती पाहता पुष्कळच. आणि गेला तोही त्याच गठ्ठ्यांवर, चाळीस माग चालू असताना, कशाचीही जबाबदारी अंगावर नसताना. मी जाऊन चेहरा बघितला. मालक खरं बोलत होते.

आता दीड महिना झाला. पद्मा आईला पुण्याला न्यायला आली होती, तिथे बाराव्या मजल्यावर घर आहे, अगदी शांत, म्हणून. त्या दिवशी मी तिथेच होतो. वहिनी वाळल्यासारख्या दिसत होत्या आणि चेहऱ्यावरचं ते जागरण मला ओळखीचं होतं. मी माझ्या मोडक्या उच्चारात विचारलं, "निद्र पट्टिंदा?" त्या हसल्या. नाही अशी मान हलवली. मग पद्माला म्हणाल्या की पुण्याला येते, पण आधी एकदा त्या जहाजावर जाऊन यायचंय. पद्माला केवढा आनंद झाला. तिने तिथल्या तिथे मोबाईल काढला, आईला या वेळी सगळ्यात वरची, समुद्राकडची खोली घेते म्हणाली. वहिनींनी तिचा हात धरला.

"वरची नको," त्या म्हणाल्या. "खालची घे. तीच. इंजिनाजवळची."

पद्माने माझ्याकडे पाहिलं. 

"तितं पडलं की," वहिनी म्हणाल्या, "मला वाटंल, ते शेजारी घोरायलेत."